चार फडांतले चार पट्टे

आमच्या घरची जमीन कधीच एका जागी नव्हती. पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात, बंधाऱ्याच्या थळात आमचे चार पट्टे, तेही चार फडांत विखुरलेले. लग्न होऊन नवी आलेली काकू शहराकडची. तिला वाटलं, भाऊबंदांच्या वाटण्या होऊन होऊन बिचाऱ्यांच्या जमिनीचे असे तुकडे पडले. आबांनी, म्हणजे आजोबांनी, तिला सांगितलं, वाटण्यांनी पट्टे अरुंद झाले हे खरं, पण ते चार जागी आहेत ते मुद्दाम. घरात बजावूनच ठेवलेलं होतं, कितीही अडचण आली तरी एका फडातला पट्टा विकून दुसऱ्या फडात जमीन वाढवायची नाही. पोरीच्या लग्नातसुद्धा नाही.

ज्यांचे आजी-आजोबा धुळे-नाशिककडचे आहेत त्यांना फड म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पांझरा, कान, मोसम, आरम या आमच्या नद्या पश्चिमेला डोंगरात उगवतात. पाऊस तिकडेच पडतो. पूर्वेला यावं तसा तो आटत जातो आणि सपाटीवर आभाळाकडे बघत बसायची पाळी येते. म्हणून जुन्या लोकांनी नदीच्या पात्रात जिथे खडक उघडा होता तिथे दगड-चुन्याचे बंधारे घातले. फार उंच नाहीत. पाणी अडवून धरण्यापेक्षा ते जरा उचलून काठच्या पाटात वळवायचं, एवढंच त्यांचं काम. पाटातून चाऱ्या निघतात आणि उताराने पाणी शेतात जातं, ना मोट, ना इंजिन. शेतातून निथळलेलं पुन्हा नदीला मिळतं आणि खालच्या गावाचा बंधारा ते धरतो. असे एकाखाली एक बंधारे.

बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला म्हणायचं थळ. थळाचे तीन-चार भाग पाडलेले, ते फड. एका फडात एका साली एकच पीक. एकात ऊस, एकात भात, एकात गहू-हरभरा, आणि दरसाल ही पिकं फिरती. आता खरी गोष्ट अशी, की बागाईतदाराचा प्रत्येक फडात थोडा थोडा पट्टा असतो. नदीला पाणी कमी आलं, की पंच ठरवतात, यंदा दोनच फड भिजवायचे. फारच कमी असेल तर एकच. त्या एकात सगळ्यांचे पट्टे असतात, म्हणून पीक थोडं येतं, पण सगळ्यांना येतं. ज्या फडाला पाणी नाही, तिथेही सगळ्यांचंच नुकसान. कालव्याच्या शेवटाला बसलेला टेलवाला माणूस रात्र रात्र जागून पाण्याची वाट बघतो आणि हेडवाला ऊस भिजवत राहतो, हे चित्र आज कुठल्याही कालव्यावर दिसेल. फडात ते होत नव्हतं, कारण तिथे कुणी कायमचा हेडवाला नव्हता आणि कुणी कायमचा टेलवाला नव्हता.

हे डोकं कुणाचं? आबा म्हणायचे, अहिल्याबाईंनी बांधलं. मोठी माय म्हणायची, छे, त्याच्याही आधीचं, एका लमाण नायकाच्या बैलांना पाणी मिळालं नाही म्हणून त्याने नवस बोलून बांधला. आमच्याकडे मोठी माय म्हणजे आजी. तिच्या गोष्टीत तो नायक कधी लमाण असायचा, कधी गवळी, आणि एकदा तर थेट भीमच होता. अभ्यासक ही पद्धत तीन-चारशे वर्षांची तरी धरतात. गावोगावच्या लोकांनी आपापली नदी बघून ती घडवत नेली असणार, असं मला वाटतं. मोठ्या मायला हे पटलं नसतं. तिला बंधाऱ्यामागे एक तरी चेहरा हवा असायचा.

मधे एक काळ असा गेला की बंधारे होते आणि गावं नव्हती. १८०२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत फौजांच्या धाडींनी खानदेश उजाड केला, पाठोपाठ दुष्काळ आला, मग पेंढारी. १८१८ साली इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात येऊन बसला तेव्हा त्याच्यासमोर ओस पडलेला मुलूख होता. आमच्या घरात सांगत, की आपला मूळपुरुष त्यानंतर कधीतरी दक्षिणेकडून आला, सोबत एक म्हैस आणि भावजय. भाऊ वाटेत वारला होता म्हणे. सरकारी तगाई घेऊन चार-पाच घरांनी मिळून फुटलेला बंधारा दुरुस्त केला. बैलांच्या घाणीत चुना मळताना त्यात बेलफळं आणि गूळ घातला, हेही सांगत. कागद कुठेच नाही. तगाईची फेड मात्र तीन पिढ्या चालली असं सांगताना आबांचा आवाज असा चढायचा, जणू ती त्यांनीच फेडली.

बंधारा बांधणं एकवेळ सोपं, तो चालवणं अवघड. आमच्या लहानपणी सालदाराचं साल आखाजीला बदलायचं, फडाची बैठकही त्याच सुमारास मारुतीच्या पारावर बसायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी, घराघरात खापरावरचे मांडे आणि आमरस. मोठी माय मांडा हातावर फिरवत फिरवत एवढा मोठा करायची की तो कोपरापर्यंत यायचा, आणि त्याच्या पलीकडून तिचा चेहरा दिसायचा. पुरुष पारावर बसलेले, बाया चुलीपाशी, पण कोणत्या फडात काय घ्यायचं याचा अर्धा निकाल चुलीपाशी लागायचा. गहू किती लागेल, हरभऱ्याची डाळ वर्षभर पुरेल का, हे पुरुषांना कुठे ठाऊक? आबा मधेच पाणी प्यायच्या निमित्ताने घरात येत, मोठ्या मायला हळूच विचारत आणि पारावर जाऊन आपलं मत म्हणून सांगत.

पाण्यावर माणसं नेमलेली असत. पाटकरी पाटावर देखरेख करी, कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं ते बघे. बारेकरी प्रत्यक्ष शेत भिजवी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की ज्याचं शेत त्याने पाणी धरायचं नाही. दाराशी फावडं घेऊन उभा राहिलेला मालक शेजाऱ्याचा वाफा अर्धा ठेवून आपला तुडुंब भरणारच, मनुष्यस्वभाव आहे. बारेकऱ्याला सगळे वाफे सारखे. त्याच्यावर हवालदार, आणि रात्री पिकाची राखण करणारा जागल्या. या सगळ्यांना मोबदला धान्यात मिळे, तोही पीक निघाल्यावर, प्रत्येक खळ्यावरून. पीक चांगलं आलं तर त्यांचंही चांगलं, म्हणून ते पाण्याला जपत. पावसाळ्यानंतर गाळ काढायला पाटावर घरटी माणूस जायचा. ज्याच्या घरात पुरुष नाही तिथली बाई जाई किंवा ती सगळ्यांसाठी भाकरी करून पाठवी. कळण्याची भाकरी, लसणाचं तिखट, कांदा. पाटाच्या काठावर बसून खाल्लेल्या त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे, आणि कळण्याचं पीठ आता गिरणीतून आणलं तरी तशी होत नाही.

उसाचा फड निघाला की गुऱ्हाळ लागायचं. काहिलीखाली चुलाणात चिपाडच जाळायचं, विकतचं सरपण नाही. गुळव्या रसाचा फेस बघून सांगायचा, अजून थोडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला रस फुकट, आणि कुणाला नाही म्हणायचं नाही असा दंडक. आम्ही पोरं काकवीत भाकरी बुडवून पोट फुगेपर्यंत खायचो. एका फडातून गहू आणि डाळ, ऊस गुळासाठी, बांधावरची अंबाडी दोरासाठी. घरात विकतचं यायचं ते मीठ, रॉकेल आणि कापड. यातलं कापडही आबांनी काही वर्षं बंद केलं होतं. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. आबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. कुणाच्या तरी सोबतीने ते तिथवर पोचले. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडलं, नंदलाल बोसांनी सगळी नगरी बांबूने उभी केली होती. आबांना भाषणातलं काहीच आठवत नसे. त्यांना आठवत बांबूच्या कमानी आणि प्रदर्शनातले घाण्याचे, चरख्याचे नमुने. ते म्हणायचे, आपल्याच खेड्यातल्या वस्तू बघायला एवढे लोक लांबून आलेत, हे पाहून छाती भरून आली. परत येताना ते चरखा घेऊन आले. मोठी माय तो मरेपर्यंत चालवत होती, देशासाठी की हात रिकामा राहू नये म्हणून, ते तिलाच ठाऊक.

घरात कणगी होती, जमिनीखाली पेव होतं. पेव उघडायचं म्हणजे एक सोहळा. आतली हवा कोंडलेली, म्हणून आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. बी-बियाणं मात्र पेवात नसे. ते मोठ्या मायच्या ताब्यात, मडक्यांत, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात. कोणत्या मडक्यात काय आहे ते तिला वासावरून कळायचं. गावातल्या कुणाचं बी कमी पडलं, की ती मापाने द्यायची आणि परत घेताना सव्वा माप घ्यायची. वरचं पाव आपल्यासाठी नव्हे, पुढच्या मागणाऱ्यासाठी. श्रावणात कानबाई देवी बसायची तेव्हा रोटासाठी माणसागणिक गहू मोजला जायचा आणि सगळी भाऊबंदकी एका ठिकाणी जेवायची. वर्षभर बांधावरून न बोलणारे दोन चुलत भाऊ त्या दिवशी शेजारी शेजारी बसायचे, कारण कानबाईच्या पंगतीत जागा आपण निवडायची नसते.

आता दुष्काळाचं. छप्पन्याचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००, तो आमच्या घरात पाहिलेला कुणी उरला नव्हता, पण मोठ्या मायच्या सासूने पाहिला होता आणि तिचे शब्द मोठ्या मायच्या तोंडून आम्ही ऐकले. त्या साली थळातल्या एका फडाची निम्मी जमीन तेवढी भिजली, असं ती सांगायची. ऊस कुणीच लावला नाही. उभा राहिला तो फक्त दाणा. गावातून माणसं गेली ती पटकीने, पण उपाशी मेलं कोणी नाही, असं सासू सांगायची. हे सगळं खरं असेलच असं नाही, दु:ख थोडं झाकून पुढच्या पिढीला द्यायची बायकांची रीत असते. पण निम्म्या फडाची गोष्ट आबाही तशीच सांगत.

१९७२ चा मात्र मी स्वतः पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी, लाल, बेचव. पोरांना सुकडी मिळे. मोठी माय मिलोची भाकरी थापताना तोंडातून शब्द काढत नसे, भाकरी तुटायची. फडाची बैठक त्या साली बसली की नाही हे मला नीट आठवत नाही. बसली असली तरी तिच्यात पूर्वीचं बळ नव्हतं. विहिरी वाढल्या होत्या, विजेची मोटार आली होती. ज्याच्याकडे विहीर त्याला पारावर बसायची गरज उरली नाही. १९४७ च्या तुकडेजोड कायद्यामुळे एकत्रीकरणाचं वारं आधीच येऊन गेलं होतं. शहाणी माणसं सांगत, विखुरलेली जमीन म्हणजे मागासलेपण, सगळी एका जागी करा. आबांनी त्यांना फड समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या बोलीभाषेला कुणी किंमत दिली नसावी. पुढे वर धरणं झाली, नदीचं वाहतं पाणी धरणात गेलं, बंधाऱ्याला आवर्तनाची वाट बघणं आलं. उसाला कारखान्याचा भाव मिळू लागल्यावर चारही फडांत ऊस लावावा असं प्रत्येकाला वाटू लागलं, आणि फडाची सगळी मांडणी उभी होती ती एकाच फडात ऊस या एका अटीवर.

मी हे सगळं आनंदाने सांगतोय, पण त्या गावाचं एक अंग मला लपवायचं नाही. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, माणसांचा थळात एकही पट्टा नव्हता. जागल्या तिथलाच. रात्रभर आमचा ऊस त्याने राखायचा, सुगीला खळ्यावर येऊन पदर पसरायचा, आणि माप देणाऱ्याचा हात त्या दिवशी जसा सैल असेल तसं घ्यायचं. गावाच्या कामाचं बलुतं मिळणाऱ्या इतर घरांचीही तीच गत. पाणी जमिनीला बांधलेलं होतं, आणि जमीन जातीला. सगळ्यांना सारखं पाणी, असं आबा म्हणत तेव्हा त्या सगळ्यांत कोण येतं हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. मोठ्या मायने ते एकदा विचारलं होतं, असं काका सांगतो. कुठल्याशा वाईट सालात पंचांनी एकच फड भिजवायचं ठरवलं आणि माणसं कमी लागतील म्हणून जागल्याचं धान्य निम्मं केलं. ती पारापर्यंत गेली नाही, ते शक्यच नव्हतं. तिने घरात आबांना जेवायला वाढलं नाही. म्हणाली, “पानी कोनं बी नही, मग तेन्हा घासच का कमी?” आबा संध्याकाळी पुन्हा पारावर गेले. मापाचं काय झालं यावर काका आणि आत्या यांचं आजही एकमत नाही. आत्या म्हणते पूर्ण दिलं. काका म्हणतो पाऊण.

सगळ्यांत कोण येतं, या प्रश्नाचं उत्तर मला पुढे पुण्याजवळ, पुरंदर तालुक्यात सापडलं. बहात्तरच्या दुष्काळाने हललेले विलासराव साळुंखे नावाचे एक इंजिनिअर-उद्योजक नायगावला गेले, देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन त्यांनी करारावर घेतली, पाणी अडवलं, मुरवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम वाचताना मला आमच्या पारावरची माणसं आठवली, आणि त्यांना जे सुचलं नव्हतं तेही दिसलं. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, माणसांच्या डोक्यांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. साळुंखे २००२ साली गेले. आमच्या आबांची त्यांची भेट व्हायला हवी होती. दोघांनी रात्र जागवली असती, आबा पाटकऱ्याबद्दल बोलले असते आणि साळुंखे जागल्याबद्दल.

२००५ साली महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. पाणी वापर संस्था, त्यांची मोजणी, त्यांची आकारणी. शासनाला ही कल्पना नवी वाटली असेल. आमच्याकडचे म्हातारे ऐकून नुसते मान हलवत. शाश्वत, स्वावलंबी, लवचिक असे शब्द आज सभांतून ऐकतो. छतावर पॅनेल, परसात खतखड्डा, स्वतःचं बोअर, स्वतःची टाकी. चांगलंच आहे ते. पण ज्या घराकडे स्वतःचं सगळं आहे, ते घर शेजाऱ्याच्या कोरड्या चारीकडे बघत नाही, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. आमच्या लोकांनी भरपूर पाणी कधीच मिळवलं नाही. कमी पाणी कसं वाटायचं, तोटा कुणाच्या एकट्याच्या अंगावर पडू द्यायचा नाही, हे त्यांनी नियमाने बांधून ठेवलं होतं, कुणाच्या चांगुलपणावर सोडलं नव्हतं. माझा जीव त्या नियमात अडकला आहे, चुलीच्या धुरात नव्हे.

काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतो, मोडका-तोडका. आमच्या थळात पुतण्या आणि त्याच्या वयाची चार-सहा पोरं पुन्हा बैठक बसवू बघताहेत. गाळ काढायला यंत्र आणलं, ते बरंच झालं, कंबर मोडायचं कारण नाही. दोन फडांत कमी पाण्याची पिकं घ्यायची, हे कबूल करून घेतलं आहे. तिसऱ्यावर भांडण चालू आहे. मी त्यांना दोन गोष्टी लिहून पाठवल्या. एक, बारेकरी नेमा आणि त्याला बारा महिने पगार द्या, पीक येवो न येवो. दुसरी, भिलाटीतल्या घरांना पाण्यात वाटा द्या. त्यांच्या नावावर जमीन नसेल तर गावठाणाजवळची पडीक त्यांच्या गटाला कसायला द्या आणि पहिली चारी तिकडे काढा. पुतण्याचा फोन आला. पहिली गोष्ट मान्य आहे म्हणाला. दुसरीवर पुढच्या आखाजीला बसणार आहेत, आणि या वेळी बायांनाही पारावर बोलावलं आहे.